पाइपवरचा गिझर सिलिंडरला जोडू नका



आपल्या भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी घरांचा एक पाय पुण्यात असतो. मुलं कात्रज, धनकवडी, वारज्याकडे राहतात, आणि निवृत्तीनंतर बरीच जोडपी गावच्या घरी परत येतात. टेंपोत कपाटं येतात, मिक्सर येतो, तसा बाथरूमचा गॅस गिझरही येतो. पुण्यात तो पाइपच्या गॅसवर चालत असतो आणि इथे तर सिलिंडर. मग कुणीतरी सांगतं, "त्यात काय एवढं? जेट बदललं की झालं!" माझं मत विचाराल तर हे काम घरगुती जुगाडाचं नाही. कंपनीची परवानगी आणि कंपनीचा माणूस नसेल, तर तो गिझर पुण्यातच कुणाला तरी द्यावा आणि इथे सिलिंडरवरचा दुसरा घ्यावा.

कारण साधं आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. तेवढ्याच घनफळाच्या गॅसमधून सिलिंडरचा गॅस साधारण अडीच पट उष्णता देतो. म्हणून पाइपवरच्या गिझरच्या जेटची भोकं मोठी ठेवलेली असतात. दाबही वेगळा असतो. घरात पाइपचा गॅस साधारण २१ मिलीबारने येतो, तर सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून ३० मिलीबारने. म्हणजे भोक मोठं, दाब जास्त आणि गॅसही जास्त उष्णतेचा. ज्योत भडकते, तिला पुरेशी हवा मिळत नाही, ती पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

इथेच खरा धोका आहे. गॅस गळला की आपल्याला जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. दार-खिडकी लावून आंघोळ करणाऱ्याला आधी डोकं जड वाटतं, मग गरगरतं, आणि कडी काढायचीही ताकद राहत नाही. गॅस गिझरमुळे बंद बाथरूममध्ये जीव गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

उलट बाजूने, म्हणजे इथला सिलिंडरवरचा गिझर लेकीच्या फ्लॅटवर नेऊन पाइपला जोडला, तर ज्योत बारीक राहते आणि पाणी कोमटच येतं. मग कुणी जेटचं भोक मोठं करून देतो. तेही करू नये. भोक किती मोठं हवं हे अंदाजाने ठरत नाही.

"मग शेगडीचं कसं बदलतात?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीची स्थापना २००६ साली झाली, आणि पाइप आल्यावर घरोघरी शेगड्यांचे जेट बदलले गेले. पण शेगडी उघडी असते. ज्योत निळी की पिवळी, हे आपण दिवसभर बघतो. गिझर बंद डब्यात असतो. त्याच्या बर्नरला एकाशेजारी एक बरेच जेट असतात, शिवाय गॅसचा व्हॉल्व्ह आणि सेन्सर. हे सगळं त्या एका इंधनासाठी जुळवलेलं असतं. म्हणूनच गिझरवर एलपीजी की पीएनजी हे छापलेलं असतं. घेताना आणि हलवताना आधी ते वाचा.

आता हिशेब. मी कॉमर्सची, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. "चांगला चालता गिझर टाकायचा कसा?" हा प्रश्नच चुकीच्या वहीत मांडलेला आहे. जुन्या गिझरचे पैसे खर्च होऊन गेले, ते आजच्या निर्णयात धरायचे नसतात. आज बघायचं ते एवढंच, की नव्याला किती पडतील आणि जुन्याचे किती येतील. पुण्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा: १४.२ किलोचा सिलिंडर उष्णतेच्या हिशेबाने पाइपच्या साधारण १७-१८ घनमीटर गॅसइतका भरतो. दोन्हीकडचे दर घेऊन स्वतःच ताळा करा.

गॅस नकोच असं मी म्हणत नाही. वेल्ह्याच्या पावसात सोलरला ऊन मिळत नाही आणि विजेचा भरवसा नसतो. तांब्याचा बंब पेटवायचा तर लाकूडफाटा आणि धूर आलाच. गिझर हवा, पण तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावलेला हवा. पाइप आत घेता येतो. जागेअभावी आतच असेल तर बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला बसा.

आपण शेगडी पेटवण्याआधी बर्नरवरून पुंजणी फिरवतो. मुंगी, कोळी जळू नये ही जयणा आपल्या हाताला लागलेली आहे. गिझरच्या बंद डब्यातही कोळी जाळं करतो. त्याने जीवही जातो आणि हवेची वाटही अडते. वर्षातून एकदा माहितगार माणसाकडून तो उघडून साफ करून घ्यावा. जी जयणा आपण मुंगीसाठी पाळतो, ती आंघोळीला गेलेल्या नातवासाठीही पाळायला हवी.

सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. हा नंबर आजच स्वयंपाकघराच्या दाराआड लिहून ठेवा. आणि टेंपोत गिझर चढवण्याआधी त्याच्यावर काय छापलंय ते वाचा.