दोन मिनिटांत कादंबरी

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. मराठी लेखकाला कादंबरीचं 'पिच' करायला शिकवणं हे काम वाईट नाही, पण ते नंतरचं आहे. आधी हस्तलिखित वाचणारी माणसं परत आणा. पिच काय, एका दुपारी शिकवता येईल.

हे मत दादरच्या एका हॉलमध्ये शनिवार-रविवार बसून तयार झालेलं आहे. नवोदित लेखकांचा दोन दिवसांचा मेळावा होता. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी सगळं मनापासून केलं होतं आणि चहा वेळेवर होता. दोन हजार रुपये फी भरून, गळ्यात बिल्ला अडकवून मीही जाऊन बसलो. बॅगेत माझी अर्धी कादंबरी होती (ती अजून अर्धीच आहे, विचारू नका). साठेक माणसं असतील. निम्मे आमच्यासारखे आयटीवाले, काही शिक्षिका, बँकेतून व्हीआरएस घेतलेले दोघं-तिघं, आणि मागच्या रांगेत कापडी पिशवी मांडीवर धरून बसलेले लालबागचे एक काका. त्यांच्याकडे येतोच.

रविवारी सकाळचं सत्र पिचचं. नियम सोपे: दोन मिनिटं. नायक कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि शेवटी एक वाक्य, 'अमुक कादंबरी अधिक तमुक सिनेमा' या चालीचं. समोर दोन प्रकाशक आणि एक वेब सिरीजवाले गृहस्थ. घड्याळ लावलेलं.

ही पद्धत आली कुठून ते सांगायला हवं. न्यूयॉर्क-लंडनच्या मोठ्या प्रकाशनसंस्था ओळखपाळख नसलेल्या लेखकाचं बाड सहसा उघडतच नाहीत. मध्ये एजंट असतो. तो लेखकाच्या कमाईतले साधारण १५ टक्के घेतो आणि त्या बदल्यात पुस्तक विकून देतो. त्या एजंटला गाठायचं तर एक पानी पत्र, नाहीतर लिफ्टमध्ये चढून उतरेपर्यंत सांगता येईल एवढी गोष्ट. म्हणजे तिकडे पिच म्हणजे दारावरची बेल. बेल वाजल्यावर दार उघडून सगळं बाड वाचणारा एक माणूस आत बसलेला आहे आणि त्या वाचण्यावर त्याचं पोट आहे. आपल्याकडे एजंट जवळपास नाहीतच. आणि गिरगावच्या जुन्या चाळींना लिफ्टही नव्हत्या, जिने होते. आपण बेल तेवढी आणली.

गंमत म्हणून मी सत्र चालू असताना वहीच्या मागच्या पानावर काही जुन्या कादंबऱ्यांचे पिच लिहून पाहिले. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, जर्मनी सोडावी लागलेली ज्यू तरुणी, मायदेशी परतणारा मराठी माणूस, आणि मुंबई आली की ताटातूट. क्या बात है! वेब सिरीजवाले उभे राहिले असते. आता 'बनगरवाडी', १९५५. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळेत रुजू होतो, दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तरही जातो. बरं, चालेल. आणि १९६३ ची 'कोसला'. खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो, नापास होतो, घरी परततो. पुढे? पुढे काही नाही. नेमाड्यांना तिथे "पात्राला नेमकं हवंय काय?" असं विचारलं असतं, आणि पांडुरंग सांगवीकरला काय हवंय हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं तर ती कादंबरी लिहावीच लागली नसती. रा. ज. देशमुखांनी ती छापली, आणि सहा दशकं उलटली तरी ती वाचली जातेय.

यातून 'रणांगण' थोर आणि 'कोसला' थोर नाही असं निघत नाही, उलटंही निघत नाही. दोन मिनिटांच्या चाळणीतून काही थोर पुस्तकं खाली येतात आणि काही वरच राहतात, एवढंच निघतं. मग वर राहिलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न.

पूर्वी काय करत? अगदी मागे जायचं तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये आठवड्या-आठवड्याने वाचकांपुढे आली. वाचकच चाळणी. पुढे दिवाळी अंक आले ('मनोरंजन'चा पहिला १९०९ चा), त्यांतही कादंबऱ्या छापून येऊ लागल्या. आणि गिरगावात खटाववाडीत 'मौज' होती. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही माणसं हस्तलिखित वाचत, लेखकाला सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा कोड रिव्ह्यू. पिच म्हणजे क्लायंटपुढचा डेमो. मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. डेमो झकास झाला आणि आत कोड कोणीच बघितला नव्हता अशा प्रोजेक्टांचं पुढे काय होतं हे मला विचारा. (नको, आज रविवार आहे.)

पण जुन्या दिवसांच्या आठवणींनी गळा काढण्यात मला रस नाही. त्या दाराशीही माणसं अडलीच होती. राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ साली खटाववाडीत 'सत्यकथे'चे अंक जाळले ते उगीच नव्हे. तिथली अभिरुची एका विशिष्ट घराची होती. त्याआधी, १८८५ साली, पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं होतं. सर्वांचे मानवी हक्क जे उघडपणे कबूल करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा, पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय. म्हणजे लेखकांच्या संमेलनात 'व्यासपीठावर कोण बसलंय' हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ संमेलनाइतकाच जुना आहे. पण त्या अडलेल्या दारावरचा उपाय म्हणून काय झालं? लघुअनियतकालिकं निघाली. दादरला 'ग्रंथाली'ची वाचक चळवळ उभी राहिली आणि तिने १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' छापलं. वाचणारे बदलले. वाचणंच बंद करा असं कोणी म्हटलं नव्हतं.

आता लालबागचे काका. वय सत्तरीच्या जवळ. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले हे एक. (त्याच साली 'सत्यकथा'ही बंद पडली. दोन्हींचा संबंध काही नाही, पण एकाच गावात एकाच वर्षी झालं हे मला राहून राहून आठवतं.) काका उभे राहिले आणि म्हणाले, "संपावर आहे." मग बराच वेळ काही नाही.

"काका, हिरो कोण?" घड्याळवाल्या सरांनी विचारलं.

"हिरो नाही सर. खानावळ आहे."

"म्हणजे खानावळ चालवणारी बाई हिरो?"

"नाही. वही."

हॉल हसला. एका प्रकाशकांनी विचारलं, "पानं किती?" काका म्हणाले, सहाशे चाळीस, हाताने लिहिलेली. त्यावर परत हशा, आणि कागदाच्या भावावर दोन शब्द. वेळ संपली.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. दोन मिनिटांत जे निघालं नाही ते कटिंग संपेपर्यंत निघालं. खानावळवालीची उधारीची वही. तीत तेहतीस जेवणाऱ्यांची नावं. एकेका प्रकरणात एकेका नावाचं खातं. संपाच्या महिन्यात रकमा येणं थांबतं, पण ताटं वाढणं थांबत नाही, कारण थांबवलं तर जुनी उधारी कायमची बुडते. कोणी गावाला जातो आणि तीन वर्षांनी मनीऑर्डर करतो, कोणी दुसऱ्याच धंद्याला लागतो आणि रोख पैसे आणून टाकतो, ते घ्यायचे की नाही यावर नवरा-बायकोत भांडण. मी तिथे बिस्किट हातात धरून तसाच उभा. जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात गिरणगावातलं एक घर दाखवलं होतं, इथे तेच गिरणगाव हिशेबाच्या बाजूने दिसत होतं. कोणी पहिली दहा पानं वाचली असती तर "हिरो कोण" हे विचारायची वेळच आली नसती.

प्रकाशकांना मी खलनायक करत नाही. गणित सोपं आहे. समजा पुस्तक चारशे रुपयांचं, आवृत्ती पाचशेची. सगळी खपली तरी छापील किमतीने दोन लाख. त्यातून विक्रेत्यांचं आणि ग्रंथालयांचं कमिशन, कागद, छपाई, आणि दहा टक्क्यांनी लेखकाचे वीस हजार. यात पंधरा दिवस बसून सहाशे चाळीस पानं वाचणाऱ्या संपादकाचा पगार कुठून येणार? १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं अनुदानावर आली आणि मराठी पुस्तकांचं मोठं गिऱ्हाईक झाली, पण त्यांची खरेदी अनुदान कधी येतं त्यावर. म्हणून पहिली काटछाट होते ती वाचणाऱ्या माणसाची. तो गेलेला बाहेरून कळत नाही ना!

मग उरलेली जागा कोण भरतं? "छपाईचा खर्च तुमचा, दोनशे प्रती तुम्हाला" असं सांगणारे. माझ्या एका सहकाऱ्याच्या पलंगाखाली त्याच्या कादंबरीचे गठ्ठे आहेत. तिच्यात नायकाच्या बहिणीचं नाव मध्येच बदलतं. हे त्याला पुस्तक छापून आल्यावर त्याच्या आईने सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं, अशा मेळाव्यात लेखकांनी बोलायला शिकण्याआधी विचारायला शिकावं. माझं बाड तुमच्याकडे कोण वाचणार? किती दिवसांत? आवृत्ती किती प्रतींची? आणि करार. या विषयावर दोन दिवसांत एक शब्द निघाला नाही, म्हणून इथे लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम वाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो संपतो. "सर्व हक्क प्रकाशकाकडे" असं छापून आलेलं बघून घाबरणारे, किंवा अजिबात न घाबरणारे, असे दोन्ही प्रकार मी त्या हॉलमध्ये पाहिले. पडद्याचे हक्क वेगळे ठेवा. पिच खरं उपयोगी पडतं ते तिथे. 'मामी' महोत्सवाने २०१६ साली पुस्तकांना निर्मात्यांपुढे उभं करणारा 'वर्ड टू स्क्रीन' बाजार मुंबईत भरवलाच होता.

आयोजकांना मी अभिप्रायाच्या फॉर्मवर एक हिशेब लिहून दिला. साठ लेखक, प्रत्येकाची पहिली तीस पानं, एकूण अठराशे. चार जाणते वाचक नेमले तर प्रत्येकी साडेचारशे पानं, महिनाभर आधी पाठवली तर सहज होतील. आमच्या फीचे एक लाख वीस हजार जमले होते. त्यातून त्या चौघांना नीट मानधन द्या, प्रत्येक लेखकाला एक पानी लेखी मत द्या, आणि चौघांतला किमान एक जण गिरणगाव, मराठवाडा, कुठलाही, पण आपल्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचा असू द्या. पिचचं सत्र दुपारी जेवणानंतर ठेवा. तेव्हा झोप येते, चालून जाईल.

उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान काकांकडून मी पहिल्या चाळीस पानांची झेरॉक्स मागून घेतली आणि आठवडाभर लोकलमध्ये वाचतोय. तांदूळ निवडण्यावर सलग पाच पानं आहेत, त्यातली तीन जावीत असं मला वाटतं. मी संपादक नाही, पण पेन्सिल घेऊन बसलोय. येत्या शनिवारी लालबागला त्यांच्या घरी जायचंय. तेविसाव्या पानावर वहीतलं एक नाव अचानक दिसेनासं होतं. ते मुद्दाम केलंय की लिहिताना राहून गेलंय, हे आधी विचारायचं आहे.