पोटाच्या आडून प्रतिष्ठा

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हातात घ्या. वर पांडुरंग, मध्ये कीर्तनकारांचे फोटो, खाली बारीक टायपात गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमवादक, विणेकरी, चोपदार, मंडप आणि साउंडवाला. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं. पारायण सोडलं तर सगळा सप्ताह सूर-तालावर उभा. त्यासाठी गाव वर्गणी काढतं, बिदागीची पाकिटं भरतं, चांगला मृदंगवादक मिळावा म्हणून तारखा पुढे-मागे करतं. आणि याच पत्रिकेत अन्नदाते म्हणून ज्यांचं नाव ठळक छापलेलं असतं, ते घरी येऊन पोराला सांगतात, ‘‘गाण्या-बजावण्यावर पोट भरत नाही. आधी बारावीचं बघ.’’

हा पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो निव्वळ खोटा नाही. कलावंताचं उत्पन्न हंगामी असतं. 2020 आणि 2021 या लागोपाठच्या दोन वर्षांत जत्रा-यात्रा बंद राहिल्या, तमाशाचे फड सुपारीविना बसून राहिले आणि कालपर्यंत ढोलकी वाजवणारे हात शेतमजुरीला गेले. वृद्ध कलावंतांना सरकार महिन्याला 5,000 रुपये मानधन देतं, त्यासाठीही अर्ज, दाखले आणि समितीची वाट पाहणं आलं. सप्ताहाची पत्रिका छापणाऱ्या गावात वाजवणारे चार असतात, शिकणारे चाळीस. यातल्या प्रत्येकाचा संसार केवळ पखवाजावर उभा राहील, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

पण मग हाच काटा बाकीच्या धंद्यांना का लावत नाही? कांद्याला घोडेगावच्या बाजारात काय भाव मिळेल, हे गोणी उतरेपर्यंत कळत नाही. तरी शेती हा पोटाचा धंदा. पाथर्डी-शेवगावकडचं पोरगं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतं. एक प्रयत्न, दुसरा, तिसरा, पंचविशी उलटते. बाप दर महिन्याला पैसे पाठवतो आणि विचारलं तर छाती फुगवून सांगतो, ‘‘पुण्याला असतो, अधिकारी व्हायची तयारी चाललीय.’’ तिथे लाखो उमेदवार आणि जागा थोड्या, हे त्यालाही ठाऊक असतं. जोखीम तो घेतोच आहे. फक्त तबल्यासाठी घ्यायची नाही म्हणतो. म्हणजे अडचण जोखमीची नव्हे. जोखीम पत्करून जे मिळायचं, त्याला गावात मान किती, यावर सगळं अडलं आहे.

याच जिल्ह्यातल्या अकोळनेरला 1868 साली जन्मलेले गणपतराव सहस्रबुद्धे पोलीस खात्यात शिपाई होते. फौजदार व्हावं, ही त्यांची फार इच्छा होती. आजच्या भाषेत म्हणायचं तर सरकारी नोकरी हातात, प्रमोशनवर डोळा. शिर्डीच्या साईबाबांनी त्यांच्यामागे नोकरी सोडण्याचा लकडा लावला आणि अखेर त्यांनी ती सोडली. पुढे ते कीर्तनकार दासगणू महाराज म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. बाबांनी त्यांना कीर्तनातला अंगरखा-उपरण्याचा थाटही उतरवायला लावला, चिपळ्या तेवढ्या ठेवल्या. आज त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या घरातल्या पोरानं पोलीस भरतीचं पत्र बाजूला ठेवून कीर्तनाला जातो म्हणून सांगितलं, तर त्या घरात काय होईल ते लिहायला नको.

कारण प्रतिष्ठेचा हा हिशेब जुना आहे. संगमनेरचा अनंत फंदी हा अठराव्या शतकातला शाहीर, तमाशा गाजवणारा. अहिल्याबाई होळकरांनी त्याची कानउघाडणी केली, त्यानं डफ टाकला आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी कथा सांगतात. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या आणि आता जिल्ह्याला नावही त्यांचंच. कथा खरी किती, हा भाग सोडा. ती दोनशे वर्षं कौतुकानं सांगितली गेली, हे महत्त्वाचं. गळा तोच, ताल तोच, कवित्वही तेच. डफावर होतं तेव्हा हलकं, वीणेवर आलं की वंदनीय. संगमनेर तालुक्यातल्याच हिवरगाव पावसा गावची पवळा तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली आणि पठ्ठे बापूरावांच्या जोडीनं तिनं महाराष्ट्र वेडा केला. तिला ऐकायला माणसं कोस-कोस चालत गेली. तिच्यासारखी आपली लेक व्हावी, असं त्यातल्या कितीजणांना वाटलं असेल? कोण गातं, कुठल्या जातीचं गातं, कुठे उभं राहून गातं, यावर गाण्याची किंमत ठरवायची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. मृदंगाचार्याच्या पायाला हात लावणारा यजमान त्याच्याच घरून स्थळ आलं की विचारतो, ‘‘ते ठीक, पण मुलगा नोकरी काय करतो?’’

आता दुसऱ्या टोकाचे पालक. यांना मूल गाणारच हवं, फक्त ते टीव्हीवर. 2009 च्या फेब्रुवारीत कार्तिकी गायकवाड ‘लिटल चॅम्प्स’ जिंकली आणि महाराष्ट्रातल्या गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. लोकांनी तिच्या हातातली ट्रॉफी पाहिली. तिचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार, आळंदीत घरीच रियाज, भजन कानावर पडतच वाढलेली पोर, ही बाजू कोणी पाहिली नाही. मग आठ वर्षांच्या मुलाला सहा महिने दोन गाणी घोटवायची आणि ऑडिशनच्या रांगेत उभं करायचं. परत पाठवलं तर परीक्षकांना शिव्या आणि पोराला, ‘‘तुझं लक्षच नव्हतं.’’

हे पालक पहिल्यांच्या अगदी उलट वागतात, असं वरवर दिसतं. माझ्या मते दोघे सख्खे भाऊ आहेत. एकाला गाण्यात मान दिसत नाही म्हणून तो बंदी घालतो, दुसऱ्याला मानच दिसतो म्हणून तो ढकलतो. मूल संध्याकाळी पेटी उघडून काय करतं, याच्याशी दोघांनाही देणं-घेणं नसतं.

लहानपणीच गाजलेल्या गळ्याचं पुढे काय करायचं, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण कुमार गंधर्वांचं आहे. बेळगावाकडचं हे पोर बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवायचं, जलसे गाजायचे, पैसाही यायचा. अकरा-बारा वर्षांच्या वयात त्याला मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे ठेवलं आणि नकलेनं मिळवलेल्या गाण्याच्या जागी शिकण्याची वर्षं सुरू झाली. टाळ्या पडत असताना मुलाला पुन्हा वर्गात बसवायला धाडस लागतं. आजच्या चॅनेलवाल्यांच्या करारापुढे तर फारच.

करारावरून आठवलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला टीव्ही-चित्रपटात घ्यायचं तर कायदा आहे आणि 2017 पासून त्याचे नियम स्पष्ट आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, ओळीनं 27 दिवसांहून जास्त नाही आणि मिळालेल्या पैशातले किमान 20 टक्के मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत. ऑडिशनला निघणाऱ्या किती आई-बापांनी हे वाचलेलं असतं? बैलाचा सौदा करताना दात मोजणारी माणसं इथे मात्र दाखवतील तिथे सही करतात.

तिसरा गट सगळ्यात शांत आणि सगळ्यात मोठा. यांचं म्हणणं, गाणं शिकवावं, कारण दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना माझा विरोध नाही. गावोगाव संगीत टिकवून धरण्यात प्रारंभिक ते अलंकार या पायऱ्यांचा वाटा आहेच. पण नगरच्या सावेडीतल्या कुठल्याही क्लासमध्ये परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात डोकावून बघा. नववीतली पोरं भूपाचे आरोह-अवरोह तोंडपाठ म्हणतात, वादी गंधार, संवादी धैवत, गायनसमय रात्रीचा पहिला प्रहर, सगळं घडाघडा. पेटीवर पांढरी पाच कोणी झाकली तर षड्ज सापडत नाही. भूप आणि देसकारात सूर तेच असून राग वेगळा का होतो, हे विचारायला कोणाला सवड नसते. प्रस्ताव जमा झाला, गुण मिळाले, की अकरावीच्या जूनमध्ये पेटी माळ्यावर. मार्कांसाठी गाणं शिकवणं हा गाण्याचा पाठिंबा नव्हेच. तो दहावीचा खर्च आहे, फक्त वेगळ्या वहीत मांडलेला.

मग मी म्हणतो तो पाठिंबा कसला? तो बघायचा तर एखाद्या वारकरी घरात संध्याकाळी जा. दहा-बारा वर्षांचं पोरगं मांडी घालून बसतं. आई ओंजळभर कणीक भिजवून देते. ती तो पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. हातोडीनं उजवी बाजू पेटीशी जुळवतो. मग ‘धा दिं ता’. महिनेच्या महिने तेवढंच, संथ लयीत. बाप ओसरीवर गाईच्या दुधाचा हिशेब करत असतो, पण लय पळाली की मान वर न करता म्हणतो, ‘‘घाई कोणाची?’’ त्या घरात कोणाला कुठे पोहोचायचं नसतं. हरिपाठाला साथ करायची असते, ती उद्याच असते, आणि चुकलं तर शेजारचे आजोबा टाळ थांबवून बघतात. शिकणं, सादर करणं आणि दुसऱ्याला साथ देणं या तीन गोष्टी तिथे वेगळ्या काढलेल्याच नाहीत. गॅदरिंगला कराओके ट्रॅकवर गाणाऱ्या मुलाला हे भाग्य नाही. ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही आणि तो ट्रॅकचं ऐकत नाही.

याचा अर्थ प्रत्येकानं पोरगं उचलून आळंदीला नेऊन टाकावं, असा नाही. जोग महाराजांनी 1917 मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि नगर जिल्ह्यातली कितीतरी मुलं त्या वाटेनं गेली, ही परंपरा थोर आहे. पण तिच्या आसपास आता खासगी वसतिगृहांचं पेव फुटलं आहे आणि त्यातल्या काहींवर मुलांच्या छळाचे गुन्हे नोंदले गेले आहेत. गुरूच्या पायावर डोकं ठेवण्याआधी झोपायची खोली बघा, रात्री तिथे कोण असतं ते विचारा, दर पंधरवड्याला अचानक जाऊन या. श्रद्धा ठेवली म्हणून देखरेख सुटत नाही.

उपजीविकेचं म्हणाल तर ते मुलापाशी लपवू नये. चौदा-पंधराव्या वर्षी त्याला बिदागीचं पाकीट उघडून दाखवावं, गाडीभाडं वजा करून काय उरतं ते त्यालाच मोजू द्यावं. संगीताचा धंदा म्हणजे एकटा मंचावरचा गवई नव्हे. साथीदार असतो, क्लास चालवणारा असतो, आकाशवाणीची ग्रेड घेऊन गाणारा असतो, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणारा असतो, तबल्याची वादी ओढून शाई भरून देणारा असतो. बहुतेकजण यातली दोन-तीन कामं मिळून घर चालवतात, जोडीला शेती किंवा नोकरी असते. यात लाज कसली? दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची (सीसीआरटी) शिष्यवृत्ती आहे. नगरची महाविद्यालयं ज्या पुणे विद्यापीठाखाली येतात, त्याच विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीनं संगीताची पदवी घेता येते. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत. तिथे जायचं की नाही, हे मुलानं अठराव्या वर्षी ठरवावं, बापानं सातव्या वर्षी नव्हे.

हे सगळं ठीक, पण ज्याच्या घरी पखवाज नाही, त्या मुलाचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या, शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावा, असं लिहिलेलं आहे. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन पेटी मागा. मिळालीच तर भाता फाटलेला असेल. सप्ताहाच्या वर्गणीतून पाच-पाच दिवसांची पंगत उठते, त्यातल्या एका दिवसाच्या खर्चात शाळेला पेटी आणि तबलाजोडी येते. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडून बघावा. विरोध करणाऱ्यांनीही सप्ताहात टाळ धरलेलाच असेल.

राहिल्या मुली. क्लासमध्ये लहान गटात त्या मुलांहून जास्त दिसतात, मध्यमापर्यंत निम्म्या होतात आणि विशारदला बोटांवर मोजण्याइतक्या. गळा बिघडला म्हणून कोणी जात नाही. कारण विचारलं तर घरचे सांगतात, ‘‘अंधार पडतो, एकटी कशी येणार?’’ आणि लग्नाच्या बायोडाटात मात्र छंद या रकान्यात गाण्याच्या परीक्षा न चुकता लिहितात. अंधाराची अडचण खरी आहे, पण तिच्यावर लेकीचं गाणं बंद करणं हा एकच तोडगा आपल्याला कसा सुचतो? सातची बॅच पाचला घ्या म्हणून शिक्षकाला सांगता येतं. चार घरं मिळून रिक्षा लावता येते. ट्यूशनसाठी लावतोच.