सर्वांत बलाढ्य रणगाडा कोणता?

रणगाड्यांचा विषय निघाला की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, सगळ्यांत बलाढ्य रणगाडा कोणता?" चिलखताची जाडी, तोफेचा व्यास, एंजिनाची अश्वशक्ती असे तक्तेच्या तक्ते पाठ म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक आहेच. पण माझे स्पष्ट मत असे की, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे आणि आपल्या प्रश्नमंजूषांनी तो उगाच लोकप्रिय करून ठेवला आहे. यंत्राचा आराखडा म्हणजे निरनिराळ्या मागण्यांची तडजोड असते. एका बाजूला घेतले की दुसऱ्या बाजूला द्यावे लागते. काय घेतले हे तक्त्यात दिसते. काय दिले हे मात्र तिथे सहसा नसते.

१९४० सालचे फ्रान्स घ्या. फ्रेंचांच्या 'शार बी-१ बिस' या गाड्याचे चिलखत ६० मि.मी. जाड होते. त्या वेळच्या जर्मन 'पँझर-३'चे जेमतेम ३० मि.मी. स्तोन या गावच्या लढाईत अशा एका फ्रेंच गाड्यावर शंभराहून अधिक गोळे आदळले, तरी एकही आत शिरला नाही! तक्ता पाहून निकाल द्यायचा तर फ्रान्सच जिंकायला हवा होता. प्रत्यक्षात सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. याला सेनापतींच्या चुका, डावपेच अशी पुष्कळ कारणे होती; पण एक कारण गाड्याच्या आतच दडलेले होते. फ्रेंच गाड्याच्या फिरत्या बुरुजात एकच माणूस बसे. त्यानेच बाहेर पाहायचे, हुकूम द्यायचे, तोफ ठासायची, नेम धरायचा आणि डागायची. जर्मन बुरुजात तिघे असत आणि सोबत बिनतारी संदेशयंत्र असे. तुमच्या तक्त्यात 'बुरुजातील माणसे' असा रकाना आहे का?

आता ज्या उदाहरणात भौतिकी अगदी उघडी पडते, तिकडे वळू. रशियाचा 'टी-३४' हा गाडा खार्कोव्हच्या कारखान्यात मिखाईल कोश्किन यांच्या हाताखाली तयार झाला. १९४० च्या मार्चमध्ये, कडाक्याच्या थंडीत, नमुन्याचे गाडे खार्कोव्हहून थेट मॉस्कोपर्यंत चालवत नेण्यात आले. कोश्किन यांना त्यानंतर न्यूमोनिया झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले. आपल्या गाड्याचे युद्ध त्यांनी पाहिलेच नाही.

या गाड्याचा समोरचा पत्रा ४५ मि.मी. जाड, पण उभ्या रेषेपासून ६० अंशांनी कललेला. पुष्कळ पुस्तके इथे सांगतात की ६० अंशांचा कोसाइन अर्धा, म्हणून आडव्या येणाऱ्या गोळ्याला ४५ ऐवजी ९० मि.मी. पोलाद भेदावे लागते. म्हणजे निम्म्या वजनात दुप्पट संरक्षण! वाक्य मोठे मोहक आहे. पण वही-पेन्सिल घ्या. एक मीटर उंचीचा भाग झाकायचा आहे. ९० मि.मी.चा पत्रा उभा लावला तर तो एक मीटर लांब पुरतो. ४५ मि.मी.चा पत्रा ६० अंशांनी कलवला तर तो दोन मीटर लांब लागतो. जाडी निम्मी, लांबी दुप्पट, वजन तितकेच! निसर्ग फुकट काही देत नाही. मग फायदा कुठला? कललेल्या पत्र्यावर गोळा लंब दिशेने बसत नाही. त्याच्या वेगाचा लंब घटक निम्माच उरतो आणि गोळा घसरून निसटण्याचा संभव वाढतो. फायदा खरा आहे, पण पुस्तकातले त्याचे कारण अपुरे आहे. आणि तो कायमचाही नाही : आजचे बाणासारखे लांब, जड गोळे पूर्वीच्या गोळ्यांइतके सहज घसरत नाहीत. शिवाय कललेल्या भिंतींनी आतली जागा खाल्ली. अरुंद बुरुजात दोघेच मावत, म्हणून गाड्याच्या प्रमुखालाच तोफही डागावी लागे. १९४४ च्या 'टी-३४-८५'मध्ये बुरूज मोठा करून तिसऱ्या माणसाला जागा केली, तेव्हा कुठे ही अडचण गेली.

याच्या समोर जर्मनीचा 'टायगर' ठेवा. वजन ५७ टन, समोरचे चिलखत १०० मि.मी., तोफ ८८ मि.मी.ची. आता दाब काढू. पट्ट्याची रुंदी ७२.५ सें.मी., जमिनीला टेकणारी लांबी सुमारे ३.६ मीटर, पट्टे दोन. भागाकार केलात तर दर चौ.सें.मी.ला सुमारे १.१ किलोग्रॅम भार येतो. टी-३४ चे वजन साडेसव्वीस टन, पट्टा ५५ सें.मी. रुंद, टेकणारी लांबी सुमारे ३.७ मीटर : उत्तर ०.६५ च्या आसपास. चालताना एका पायावर तोल घेणारा पन्नास किलोचा मुलगा जमिनीला सुमारे ०.३३ इतका भार देतो. म्हणजे एवढा थोरला टी-३४ तुमच्या दुप्पटच दाब देतो! रशियात शरदात आणि वसंतात जो चिखल होतो त्यात हा फरक जीवनमरणाचा ठरे. टायगरचे पट्टे आणखी रुंद का केले नाहीत, असे विचाराल. आहे तेच आगगाडीच्या वाघिणीबाहेर जात. म्हणून प्रवासात ५२ सें.मी.चे अरुंद पट्टे चढवायचे आणि उतरल्यावर पुन्हा रुंद बसवायचे. आगगाडीचा मार्ग किती रुंद, यावरही रणगाड्याचा आराखडा ठरतो तो असा.

सगळी मापे दुप्पट केली की वजन आठपट होते, पट्ट्यांचे क्षेत्रफळ मात्र चौपटच. म्हणून दाब दुप्पट. हा साधा नियम डावलून जर्मनांनी १८८ टनांचा गाडा बांधला. नाव काय ठेवले? 'माउस', म्हणजे उंदीर! पूल त्याला पेलेनात, म्हणून नदीच्या तळावरून जायची योजना होती. दोनच नमुने तयार झाले.

टायगर एकंदर १,३४७ बनले. टी-३४ युद्धकाळात पन्नास हजारांहून अधिक. 'म्हणून टी-३४ श्रेष्ठ' असे कोणी म्हणाला तर तेही मला पटत नाही. त्या हजारो गाड्यांपैकी बहुसंख्य नष्ट झाले आणि प्रत्येकात चार-पाच माणसे होती. अमेरिकेच्या 'शर्मन'कडे पाहा. सुरुवातीचे शर्मन गोळा लागताच पेट घेत, कारण दारूगोळा बाजूच्या भिंतींलगत वर रचलेला असे. १९४४ पासून तो तळाशी, द्रवाने वेढलेल्या कप्प्यांत ठेवू लागले आणि पेटण्याचे प्रमाण खूपच घटले. चिलखत न वाढवता केवढी माणसे वाचली! पण हा रकानाही तक्त्यात नसतो.

शाळेच्या मासिकात युद्धयंत्रे कशाला, असे काही शिक्षकमित्र विचारतील. त्यांची चिंता मी समजू शकतो. परंतु मुले हे तक्ते वाचणारच आहेत. त्या आकड्यांच्या मागे माणूस बसलेला असतो हे विज्ञानाच्या शिक्षकाने सांगायचे नाही, तर कोणी सांगायचे?

आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगतो. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या शेर्मन व सेंच्युरियन गाड्यांवर चालून आले. शेतांत पाणी सोडलेले होते. पॅटन चिखलात रुतले आणि उसाआड दबा धरलेल्या आपल्या गाड्यांच्या माऱ्यात सापडले. आता गंमत पाहा : सेंच्युरियन पॅटनपेक्षा वजनदार होता. केवळ भूदाबाचे गणित मांडले तर तोच आधी रुतायचा! पण तो वाट पाहत उभा होता आणि पॅटनला ओल्या शेतातून चालत यायचे होते. मी वर मोठ्या उत्साहाने मांडलेला दाबाचा आकडासुद्धा एकटा पुरत नाही तो असा.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे. सहल गेली तर फलकावरचे वजन टिपून घ्या. परवानगी मिळाल्यास पट्ट्याची रुंदी आणि जमिनीला टेकणारी लांबी मोजा. मग वाकून बुरुजाकडे पाहा आणि आत किती माणसे मावत असतील, त्यांना बाहेरचे कुठून दिसत असेल आणि आग लागली तर ती कोणत्या दाराने बाहेर पडत असतील, तेही वहीत लिहा.