ग्रीक देवांचे भय कोणाला?

सहावी-सातवीच्या मुलांना झ्यूस, अथीना, पोसायडन ही खोट्या देवांची नावे शिकवायची कशासाठी? आधी दहा आज्ञा तरी त्यांना धड येऊ द्यात! हा आक्षेप आमच्या धर्मग्रामांतून अधूनमधून कानी येतो. तो घेणारी माणसे भाविक असतात, मुलांच्या श्रद्धेची त्यांना खरीखुरी काळजी असते. म्हणूनच तो हसून सोडून देता येत नाही. तो चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि हे मत आम्ही शुभवर्तमान बाजूला ठेवून नव्हे, ते उघडून मांडणार आहोत.

प्रेषितांच्या कृत्यांचा चौदावा अध्याय काढा. पुनरुत्थानकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी तो मिस्सामध्ये वाचला जातो. सोमवार असल्यामुळे मंदिरात दहा-बारा माणसे असतात, आणि त्यांतही मुले क्वचितच. पौल आणि बर्णबा लुस्त्र गावी येतात. जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस पौलाच्या शब्दाने उठून चालू लागतो. लोक एकच गिल्ला करतात की, देव माणसांच्या रूपाने आपल्याकडे उतरले आहेत. आणि तेही आपल्या लुकवनी बोलीत, जसा आपल्याकडे भावनेच्या भरात माणूस प्रमाण मराठी सोडून वऱ्हाडीवर येतो. बर्णबाला ते झ्यूस ठरवतात, आणि बोलण्यात पुढाकार पौलाचा असल्यामुळे त्याला हर्मेस. झ्यूसच्या देवळाचा पुजारी तर बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशी हजर होतो.

ज्याला झ्यूस ठाऊक नाही, हर्मेस कोण हे माहीत नाही, त्या मुलाला हा प्रसंग म्हणजे काही खुळ्या लोकांची धावपळ वाटणार. पण त्याला एक कथा सांगून पाहा. रोमन कवी ओव्हिड याने ती पौलाच्या प्रवासाआधी काही दशके लिहून ठेवली. तीत फ्रिगिया प्रांतात हेच दोन देव वाटसरूंच्या वेषात हिंडत येतात. कवी त्यांना रोमन नावांनी ज्युपिटर आणि मर्क्युरी म्हणतो. हजार घरांची दारे त्यांच्या तोंडावर बंद होतात. शेवटी बॉकिस आणि फिलेमोन या म्हाताऱ्या, दरिद्री जोडप्याच्या झोपडीत त्यांना आसरा मिळतो. घरात असलेनसलेले ते दोघे पाहुण्यांपुढे ठेवतात. सकाळ होण्याची वाट न पाहता देव त्यांना डोंगरावर नेतात; मागे वळून पाहावे तो सारा मुलूख पाण्याखाली गेलेला, उरली आहे ती फक्त त्यांची झोपडी. लुस्त्र हे गाव फ्रिगियाच्या शेजारच्याच मुलखातले. झ्यूस आणि हर्मेस यांची नावे जोडीने कोरलेले शिलालेख त्या परिसरात सापडलेही आहेत. एकदा दारी आलेले देव आपण ओळखले नाहीत आणि सर्वनाश ओढवला, अशी आठवण ज्या भागात कथारूपाने नांदत होती, तेथील माणसे दुसऱ्या वेळी बैल घेऊन धावणार नाहीत तर काय करणार? खुळी वाटलेली ती माणसे एकदम आपल्यासारखी दिसू लागतात. आणि हुशार मुलगी विचारते, 'अब्राहामाकडेही असेच तीन पाहुणे आले होते ना?' धर्मशिक्षणाच्या वर्गात यापेक्षा चांगला प्रश्न आम्ही ऐकलेला नाही.

आता पौलाचे उत्तर पाहा. तो कपडे फाडतो, गर्दीत शिरतो, आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे सांगतो. मग तो बोलतो ते पावसाविषयी. आकाशातून पाऊस देणारा, पिकांचे हंगाम देणारा, अन्नाने आणि आनंदाने मने भरून टाकणारा जो जिवंत देव, त्याने स्वतःला कधीही साक्षीविना ठेवलेले नाही, असे तो म्हणतो. पौल पाऊसच का निवडतो? कारण झ्यूस हा मेघांचा आणि पर्जन्याचा देव. ज्या देणगीबद्दल हे लोक झ्यूसचे आभार मानत होते, त्याच देणगीकडे बोट दाखवून तो तिच्या खऱ्या दात्याचे नाव सांगतो. झ्यूसची टिंगल नाही, त्याच्या पुजाऱ्याला शिवी नाही. कपाशी आणि सोयाबीन पेरून मृगाच्या आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मुलांना हे प्रवचन इतर कोणापेक्षा लवकर कळेल. पण झ्यूस वगळला, की त्या प्रवचनाचा कणाच निघून गेला. मग उरते ते हवामानाविषयीचे चार शब्द.

इफिस नगरातील दंगलही अशीच. आर्तेमिस देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय आपल्या कारागिरांना चिथावतो. खामगावच्या चांदीच्या पेठेतून हिंडलेल्या मुलाला त्यामागचे अर्थकारण समजावून सांगावे लागणार नाही. परंतु आमच्या मते त्या अध्यायातील सर्वांत मोलाचे वाक्य शेवटी येते, आणि ते उच्चारतो एक ख्रिस्ती नसलेला अधिकारी. नगराचा लेखनिक गर्दीला बजावतो, की या माणसांनी देवळे लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौल त्या नगरात दोन वर्षांहून अधिक काळ राहिला, उघडपणे ख्रिस्ताची घोषणा करत राहिला, अनेकांची मने त्याने वळवली. तरीही त्याच्या बाजूने अशी साक्ष देणारा परधर्मीय माणूस निघाला. शेगावच्या वाटेवर ज्यांच्या घरावरून दिंड्या जातात, त्या आमच्या कुटुंबांविषयी शेजारी अशी साक्ष देतील का? हा प्रश्न आम्ही आक्षेपकांना मुद्दाम विचारतो. कारण 'खोटे देव' हा शब्द घरात ज्या सहजतेने झ्यूससाठी वापरला जातो, त्याच सहजतेने मुलगा तो शाळेच्या मधल्या सुट्टीत वापरतो, आणि तेथे तो झ्यूसच्या भक्ताला लागत नाही.

अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्याच्या पश्चिम टोकाच्या या जिल्ह्यात आमची संख्या किती अल्प आहे हे वाचक जाणतात. वर्गात आमचे एखाददुसरेच मूल असते, मग शाळा जिल्हा परिषदेची असो, मिशनची असो, की आमच्याकडे ज्या कोणत्याही इंग्रजी शाळेला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात त्यांतली एखादी असो. परक्या देवांविषयी शिक्षक ज्या स्वरात बोलतो, तो स्वर ते सगळे वर्गबंधू ऐकत असतात. ज्यांचा आज एकही उपासक आपल्या आसपास नाही अशा ग्रीक देवांवर आदराने बोलण्याचा सराव करणे सोपे आहे. तेथे जे साधले नाही ते शेजारच्या देवळाविषयी साधेल, ही आशा व्यर्थ आहे.

दुसरे एक भय असते, आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. झ्यूसची कथा ही जर कथाच, तर उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसही कथाच, असे मुलगा म्हणाला तर? झ्यूसला नारळ फोडायला आमचे मूल जाणार नाही हे पालकांनाही ठाऊक आहे. त्यांची खरी धास्ती ही आहे. आम्ही म्हणतो, हा प्रश्न मुलाला पडणारच आहे. तो सातवीत, आपल्या देखत पडावा, की पुण्या-नागपूरच्या वसतिगृहात, विचारायला कोणी जवळ नसताना? लोणारला शाळेची सहल जाते. दैत्यसूदनाच्या देवळात मुले ऐकतात, की विष्णूने लवणासुराला मारले ते हे स्थान. आणि विवराच्या काठावर ऐकतात, की उल्का काळ्या बसाल्टवर आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा पडला. त्याचे वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास धरत, नव्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेले आहे. एकाच दिवसात, एकाच पाण्याकाठी दोन तऱ्हेचे बोलणे मुलाच्या कानी पडते आणि त्यांचा मेळ कसा घालावा हे त्याला कोणी सांगत नाही. लवणासुराची कथा खड्ड्याचे वय सांगायला जन्मली नाही, हे त्याला कळले पाहिजे. विषय शेजाऱ्याच्या जिवंत श्रद्धेचा असल्यामुळे शिक्षक तेथे अवघडतो. ग्रीक कथांवर ही रीत निर्धास्तपणे शिकवता येते.

ख्रिस्तसभा याला विरोध करते असे कोणी समजू नये. पवित्र ग्रंथकारांचा हेतू जाणण्यासाठी त्यांनी वापरलेले साहित्यप्रकार ध्यानात घ्यावेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात स्पष्ट सांगितले आहे. हेसिओडच्या काव्यात क्रोनस आपली मुले गिळतो, मग झ्यूस बापाविरुद्ध युद्ध करतो आणि त्या युद्धातून जगाची घडी बसते. ते ऐकल्यावर उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचून दाखवा. तेथे युद्ध नाही, प्रतिस्पर्धी देव नाही, आणि सूर्य-चंद्र तर निव्वळ दिवे! हा फरक मुलांना आपोआप दिसतो.

आता सर्वांत बलवान आक्षेपकाकडे वळू. तो आमच्या धर्मग्रामातला नव्हे. तो संत ऑगस्टीन. 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या पहिल्या भागात तो आपल्या शाळेवर कडाडून टीका करतो. काल्पनिक डायडो राणीसाठी आपण रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या मरणासाठी रडलो नाही, याची त्याला खंत आहे. ज्युपिटरचा व्यभिचार दाखवून तरुण आपल्या व्यभिचाराचे समर्थन करतात, हा त्याचा मुद्दा तर आजही खरा आहे. आमचे एवढेच म्हणणे आहे, की हाच ऑगस्टीन पुढे 'देवाचे नगर' लिहिताना रोमन देवांची पोथी अशी उलगडतो, की ते ज्ञान नसते तर त्या ग्रंथाचा पहिला भाग लिहिलाच गेला नसता. झ्यूसची प्रेमप्रकरणे बारा वर्षांच्या मुलांपुढे मांडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दावीद आणि बथशेबा यांचा प्रसंगही आपण त्यांना जपूनच सांगतो. म्हणून शमुवेलाचे पुस्तक कोणी फाडून टाकलेले नाही.

आणि इतिहासाचा एक दाखला आक्षेपकांनी अवश्य आठवावा. ख्रिस्ती शिक्षकांनी होमर शिकवू नये, असा हुकूम एकदा खरोखर निघाला होता. तो कोणा बिशपांनी काढला नव्हता. ३६२ साली तो काढला सम्राट ज्युलियनने, ख्रिस्ती श्रद्धा सोडून जुन्या देवांकडे परतलेल्या राजाने. ज्यांची या देवांवर श्रद्धा नाही त्यांनी आपल्या मंदिरात जाऊन मत्तय आणि लूक शिकवावेत, असा त्याचा टोमणा होता. ख्रिस्ती लोकांना विद्येपासून तोडले, की ते आपोआप अडाणी पंथ म्हणून कोपऱ्यात पडतील हे त्याला पुरते कळले होते. रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनस याने शाळा सोडली. नाझियान्झसच्या संत ग्रेगरीने पुढे या अन्यायाविरुद्ध जळजळीत भाषणे लिहिली. ग्रेगरीचा मित्र संत बेसिल याने तर ग्रीक साहित्य कसे वाचावे यावर तरुणांसाठी स्वतंत्र प्रबंध लिहिला. मधमाशी सगळ्या फुलांवर बसत नाही आणि बसलेल्या फुलातलेही सगळे उचलून नेत नाही, असा त्यातील दृष्टान्त आहे. ज्युलियनला जे साधले नाही, ते आपणच आपल्या हातांनी करावयाचे काय?

'ग्रीकच कशाला, आपल्या देशाचे काय?' असेही काही सुशिक्षित विचारतात. प्रश्न रास्त आहे. लवणासुर आधी, क्रोनस नंतर, हे आम्हांला मान्य. पण ग्रीक आपल्याला तितके परके नाहीत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, ती तेथील संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. विदिशेजवळ हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या भोकरदनचे उत्खनन त्या जुन्या व्यापाराची साक्ष देते. सहावीच्या इतिहासात ग्रीक येतात ते सिकंदराच्या घोड्यावर बसून, आणि त्याच घोड्यावरून जातात. त्यांच्या देवघरात डोकावायला वेळ नसतो. परीक्षेला याचा उपयोग काय, या प्रश्नावर आम्ही शाई खर्च करणार नाही.

मात्र शिकवणे म्हणजे स्नेहसंमेलनात चांदीच्या कागदाची वीज हातात देऊन मुलाला झ्यूस म्हणून नाचवणे नव्हे. व्यंगचित्रपटांतला हर्क्युलस आणि सायकलवरचा हर्क्युलस यांच्यापलीकडे मुलांनी जायला हवे. या देवांना माणसे खरोखर भीत होती, त्यांच्यापुढे रडत होती, मूल आजारी पडले की अस्क्लेपिओसच्या देवळात रात्र काढत होती, हे त्यांना कळले पाहिजे. पौल ज्यांच्याशी बोलत होता ती हीच माणसे.

साधनांची अडचण फार नाही. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. धर्मशिक्षणाच्या वर्गाला त्यानंतरचे तीन रविवार द्यावेत. पहिल्या रविवारी बॉकिस आणि फिलेमोन, आणि लगेच लुस्त्र. दुसऱ्या रविवारी आर्तेमिस आणि इफिस. तिसऱ्या रविवारी क्रोनस आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय. हाताशी शुभवर्तमान आणि जुना नकाशासंग्रह असला की पुरे. त्या नकाशासंग्रहाला 'अ‍ॅटलास' का म्हणतात, येथूनच धर्मभगिनींनी सुरुवात केली तरी चालेल. आणि हिवाळ्यात शाळेची सहल लोणारला जाईल तेव्हा आपली मुले देवळाबाहेर बसमध्ये थांबवून ठेवू नयेत.