गोरेपणाचे मलम आणि सोन्याची अंगठी

दर दिवाळीला या पानावर उटण्याची कृती द्यायची हा माझा शिरस्ता. यंदाही देणार आहे, पण आधी एक हकीकत सांगते. तिच्यात थोडा दोष माझाही आहे.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या भावाच्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलगी माझ्या आईच्या वळणावर गेलेली, सावळी आणि नाकीडोळी नीटस. फोटो पाहताना चारचौघांत मी बोलून गेले, "अगं, किती काळवंडलेली दिसतेस! लग्नापर्यंत जरा चेहऱ्याकडे बघ." वर्षभर दुसऱ्यांना त्वचेविषयी शहाणपण सांगणारी मी, आणि हे माझे बोल! ती काही बोलली नाही. फक्त हसली.

दिवाळीला मी गिरगावात भावाकडे गेले, तर भाची ओळखू येईना. चेहरा गोरापान. वाडीतल्या सगळ्या बायका कौतुक करीत होत्या, मीही केले. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री ती तोंडाला मलम लावायला बसली आणि आधी बोटातली अंगठी काढून तिने बाजूला ठेवली.

"अंगठी का गं काढलीस?" मी विचारले.

"आत्या, ज्यांनी मलम दिलं ना, दादरच्या, त्या बाईंनी बजावलंय. सोन्याला लागू द्यायचं नाही."

शेजारचे अण्णा फराळाचे ताट घेऊन आले होते. उभा जन्म त्यांनी सोनारकीत घालवला. हातातला लाडू त्यांनी खाली ठेवला. "वहिनी," ते माझ्या भावजयीला म्हणाले, "सोन्याला चालत नाही असं मला एकच ठाऊक आहे. पारा. लागला की सोनं पांढरं पडतं."

बरणी पाहिली. त्यावर ना बनवणाऱ्याचे नाव, ना घटकांची यादी.

पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो. पण तो त्वचेवर थांबत नाही. रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, आणि कित्येकदा आधी काहीच कळत नाही. त्याची वाफ होते आणि तो उशीला, टॉवेलला लागतो, त्यामुळे घरातल्या लहान मुलांनाही बाधू शकतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी आपल्याकडे प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे. चेहऱ्याच्या मलमात तो नकळत आला, तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. तरीही २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांत अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. घरातल्या तिघींनी एकच मलम वापरले आणि तिघींचीही मूत्रपिंडे दुखावली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या मलमात पारा निघाला. मी ती बातमी वाचली होती, आणि वाचून विसरले होते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीला डॉक्टरांकडे नेले. तिच्या लघवीत प्रथिने सापडली, आणि पाराही बराच जास्त निघाला. भाऊ दवाखान्याच्या बाकावर नुसता बसून राहिला. माझ्याने त्याच्याकडे पाहवेना. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात." मलम बंद केले. पुढे चार महिने तपासण्या चालू होत्या, आणि मग कुठे लघवी स्वच्छ झाली. बरणी मात्र आम्ही फेकली नाही, तपासणीसाठी डॉक्टरांकडे दिली. तुमच्या घरी असे काही निघाले, तर तुम्हीही फेकू नका.

पाऱ्याइतकेच फसवे दुसरे म्हणजे स्टिरॉइडची मलमे. औषध म्हणून ती मोलाची आहेत, पण डॉक्टरांच्या हातात. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरवले. तरी आपण शेजारणीच्या सांगण्यावरून आणतोच! चेहऱ्यावर रोज चोळली की आधी तकाकी येते. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात आणि थांबवले की आग होते. गजकर्णावर लावली तर खाज थांबते आणि गजकर्ण मात्र आतून पसरत राहते. परळ-लालबागच्या चाळींत पावसाळ्यात कपडे धड वाळत नाहीत. दमट कपडे घालून मांड्या-काखांना खाज सुटली, की पहिला उपाय कपडे नीट वाळवण्याचा, दुसरा डॉक्टरांचा.

मग चेहऱ्याला करायचे तरी काय? फार थोडे. लोकलमधून घामेजून आले की पाच-पाच वेळा साबण लावणाऱ्या मुली मी पाहते. साबण दोनदा पुरे, एरवी साधे पाणी. आंघोळ कोमट पाण्याची. अंग किंचित ओले असतानाच हातापायांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला मात्र खोबरेल नको. उन्हात छत्री घ्यावी, किंवा सनस्क्रीन लावावे. लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणे तर मुळीच नको, भाजल्यासारखे डाग पडतात. लिंबू आमटीत पिळा! आवळा, पेरू, मटकीची उसळ, शेवग्याचा पाला, बाजारात ताजा दिसला तर बांगडा, ही सारी त्वचेची सामग्री पोटातून जाते. मुरुमे येत असतील तर फराळातली करंजी तिसऱ्यांदा घेण्याआधी थोडा विचार करावा, एवढेच म्हणते. माझे स्वतःचे त्या बाबतीत काही खरे नाही.

आता उटणे. चार चमचे मसुराच्या डाळीचे पीठ, दोन चमचे मुलतानी माती, एकेक चमचा नागरमोथा, कचोरा आणि वाळ्याची पूड, अर्धा चमचा आंबेहळद. जिन्नस लालबागला किंवा दादरला अख्खे घ्यावेत आणि घरी दळून वस्त्रगाळ करावेत. तयार पुडीत काय काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडे लावून पाहावे. आधी तेल जिरवावे, मग दुधात कालवलेले उटणे हलक्या हाताने लावावे. भांडे घासल्यासारखे नव्हे!

भाचीचे लग्न माघात झाले, आणि ती आहे तशी सावळीच बोहल्यावर उभी राहिली. मी फोटोंबद्दल अवाक्षर काढले नाही. परवा तिचा सासरहून फोन आला. "आत्या, उटणं पाठव, पण यंदा संत्र्याची साल घालू नकोस, मला चरचरते." म्हणून वरच्या कृतीत ती नाही.