जुन्या मोटारीचा नवा संसार

पाडव्याला नवी मोटार दारात आली की तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबे फुटतात आणि शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. जुन्या मोटारीच्या नशिबी यातले काही नाही. ती घेणारा गृहस्थ हवी तेवढी घासाघीस करून, शक्यतो दिवेलागणीनंतर, तिला गुपचूप आणून उभी करतो. अमेरिकेत मात्र एक जमात अशी आहे, की मोटार जितकी म्हातारी तितकी ही मंडळी तिच्यावर लुब्ध! आमचा भाचा त्या जमातीत सामील झाल्यापासून ताईची झोप उडाली आहे.

या जमातीच्या मोटारीला 'हॉट रॉड' म्हणतात. व्याकरणाचा मास्तर या नात्याने सांगतो, हा बहुव्रीही समास समजावा. 'तापलेली' आणि 'कांब' ही दोन्ही पदे गौण, अर्थ तिसराच. जुन्या मोटारीचे कवच ठेवायचे, वजन वाढवणारे जे जे असेल ते उतरवायचे आणि पोटात जास्त ताकदीचे इंजिन बसवायचे.

मुळात हा गरिबांचा खेळ. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे १९३० नंतरच्या दशकात जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर शर्यती लावीत. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन आपली संघटनाही काढली. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे 'व्ही-एट' इंजिन सामान्य माणसाच्या किमतीत आणले होते; ती गाडी जुनी होऊन स्वस्त झाली आणि या पोरांच्या हाती लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी तर कारखान्यातले कसब सोबत आणले. जानेवारी १९४८ मध्ये या छंदाला वाहिलेले मासिक निघाले. पुढे व्हायचे तेच झाले. १९३२ ची अस्सल फोर्ड आता धनिकांच्या गॅरेजात जाऊन बसली आहे.

भाचा नोकरीला लागून दोन वर्षे झाली. शिक्षणाचे कर्ज अजून उभे आहे आणि त्याला जामीन आमचे भावोजी. शिल्लक आठ हजार डॉलर. "तू मास्तर आहेस, तुझे तो ऐकतो," असे म्हणून ताईने त्याला समजावण्याचे काम माझ्याकडे दिले. मी तासभर त्याची उलटतपासणी घेतली, आणि मला कबूल केले पाहिजे, की एम. ए. च्या वर्गातही इतकी तयारी क्वचित दिसते.

"मामा, नवशिका इंजिन बघतो, जाणता पत्रा बघतो," तो म्हणाला. शेव्हरोलेचे छोटे व्ही-एट इंजिन १९५५ साली निघाले आणि पुढे कित्येक दशके बनत राहिले. त्यामुळे ते आणि त्याचे सुटे भाग भंगाराच्या आवारात स्वस्तात मिळतात. गंजलेली तळपाट आणि कुजलेले दरवाजे मात्र कारागिराच्या मजुरीने माणसाला भिकेला लावतात. म्हणून आधी गाडीखाली आडवे पडून बघायचे. दुसरे, १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या शेव्हरोले स्वस्त दिसतात त्या उगाच नव्हे. त्यांच्या पत्र्याआड लाकडाचा सांगाडा असतो. लाकूड कुजले की दरवाजे लोंबू लागतात, आणि मग मोटारीच्या मेकॅनिकऐवजी सुतार शोधत फिरावे लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. दोन दरवाजांच्या गाडीमागे सगळे धावतात. तीच गाडी, त्याच साली, त्याच कारखान्यातली, चार दरवाजांची असली की तिला भाव नाही. वधूपरीक्षेत नाकाच्या शेंड्यावरून मुली नाकारणारे आमचे समाजबांधव आठवले. चार दरवाजांत आईवडील मागे आरामात बसतील, हा मुद्दा मी ताईसाठी टिपून ठेवला.

"आणि ब्रेकचे काय?" मी विचारले. फोर्डने तेलाच्या दाबाचे ब्रेक बसवले ते १९३९ पासून. त्याआधी सारा कारभार दांड्या आणि तारांचा. अशा गाडीत दुप्पट-तिप्पट ताकदीचे इंजिन घालणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडणे. निम्मे पैसे थांबण्यासाठी राखून ठेवायचे, असा त्याचा हिशेब होता. शिवाय मालकीचे कागद चोख हवेत. कागदाविना गाडी म्हणजे अंगणातले शिल्प. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, हेही त्याने पाहिले होते. (आपल्याकडे हा उद्योग करण्याचे कुणी मनात आणू नये. मोटारीच्या मूळ स्वरूपात मूलभूत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले.)

एवढे झाल्यावर मी समजावायचे काय? एकच अट घातली : कर्जाचा हप्ता आधी, मोटार नंतर. त्याने ती मानली.

अखेर त्याने १९५१ ची चार दरवाजांची शेव्हरोले साडेचार हजारांत घेतली. सारा सांगाडा पोलादी, ब्रेक तेलाच्या दाबाचे, तळपाट शाबूत. तिचे मूळचे सहा सिलिंडरांचे, ९२ अश्वशक्तीचे इंजिन धापा टाकत का होईना, चालते. त्यामुळे गॅरेजात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहण्याचे कारण नाही. रविवारी चालवायची आणि थोडीथोडी सुधारायची. व्ही-एट इंजिन घालायचे झाले तर मागचा आसही बदलावा लागेल, कारण त्या सालची ताकद मागच्या चाकांकडे एका बंद नळीतून जाते आणि नव्या इंजिनाशी तिचे सहज जुळत नाही. तो खर्च कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्यावर.

मी हे सगळे ताईला सविस्तर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ब्रेक कुणी तपासलेत? का त्यानेच?"