कासचा सडा आणि आमची पावले

गेल्या सप्टेंबरात आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळींची साताऱ्याची सहल झाली. परतल्यापासून जवळजवळ प्रत्येक बैठकीत एकच तक्रार कानी येते. एवढ्या लांबून गेलो, प्रवेशशुल्क भरले, आणि कासच्या पठारावर फुलांपाशी बसूही दिले नाही. दोरीपलीकडे पाऊल टाकले की रखवालदार शिट्टी फुंकतो. पाहुण्यांशी हे वागणे बरे नव्हे, असे अनेकांचे मत आहे. आम्ही त्या सहलीत होतो आणि ती दोरी आम्हीही ओलांडली होती. म्हणूनच या तक्रारीला उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. शिट्टी योग्यच होती. तेथे कमी होती ती पायाखालच्या फळीची.

कास म्हणजे बगीचा, ही समजूत आधी सोडली पाहिजे. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटर उंचीवर हा जांभ्या दगडाचा सडा पसरला आहे. त्यावर माती कोठे बोटभर, तर कोठे तेवढीही नाही. उन्हाळ्यात तो तापलेला कातळ असतो. पावसाळा लागला की पाणी खळग्यांत साचते, पातळ मातीत थबकून राहते, आणि डोंगरमाथ्यावर काही महिन्यांपुरती पाणथळ जागा तयार होते. ही माती इतकी निःसत्त्व की सीतेच्या आसवांना सूक्ष्म पिशव्यांत जलजीव पकडून पोट भरावे लागते आणि दवबिंदूला चिकट केसांवर कीटक धरावे लागतात. वायतुऱ्याचा कंद उन्हाळाभर जमिनीत निजून राहतो व पाणी आले की तुरा वर काढतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. ८५०हून अधिक वनस्पतींची नोंद असलेले हे पठार, युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे.

अशा ठिकाणी आम्ही काय केले? आमच्यातील एक सुविद्य गृहस्थ छायाचित्रासाठी सहकुटुंब निळ्या फुलांत जाऊन बसले. चित्र उत्तम आले. ते उठले तेव्हा मागे चटईएवढी जागा चेपली होती आणि बुटांच्या ठशांत गढूळ पाणी भरत होते. पाठोपाठ दुसरे कुटुंब त्याच जागी बसावयास निघाले, कारण तेथील फुले आता मोडलेलीच होती! पाणथळ जागेचा नाश असाच होतो. कोणीही एकटा तो करीत नाही. प्रत्येकजण आधी मोडलेल्यावर थोडी भर घालतो.

‘गावची गुरे चालतात, मग आम्हीच का नको?’ हा प्रश्न रखवालदारास विचारला गेला. प्रश्न गैर नाही. पण गुरे चरत चरत पांगतात आणि गुराखी वर्षभर तेथलाच असतो. आम्ही येतो ते फुलोऱ्याच्या मोजक्या आठवड्यांत आणि सारे त्याच चार जागी. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, तरी ६००० पावले होतात. रोपाने बी धरण्याच्या ऐन वेळी ती त्याच्यावर पडतात.

मग कुंपण घालावे काय? तोही प्रयोग झाला आहे. पठारावर तारेची जाळी उभी राहिली. त्यावर गावकऱ्यांनी व अभ्यासकांनी आक्षेप घेतले. गुरांची आणि रानातल्या जनावरांची वाट अडली, गवत माजून फुलांना जागा उरेना, अशी त्यांची तक्रार होती. पुढे ती जाळी काढण्यात आली. कुंपण जमिनीला बांधते. बांधावयाचे होते ते आमच्या पावलांना.

यावर जपानात एक उपाय झाला आहे. तोक्योच्या उत्तरेस सुमारे १४०० मीटर उंचीवर एक विस्तीर्ण दलदल आहे. योगायोगाने तिचे नाव ओझे. महायुद्धानंतर तेथे सहलींची लाट उसळली आणि एक सुंदर माळ पायांखाली तुडवून उघडा पडला. त्या जखमेवर १९६०च्या दशकापासून उपचार चालू आहेत. तेव्हा त्या लोकांनी दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट घातली. आज तिची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आहे. बहुतेक ठिकाणी दोन समांतर फळीवाटा असून जाणाऱ्याने उजव्या बाजूने चालावयाचे. १९७२ पासून आपला कचरा आपणच घरी नेण्याची चळवळही तेथे सुरू झाली. ओझ्याला जाणाऱ्याने आपले ओझे परत न्यावे, हे मराठी माणसास तरी निराळे समजावून सांगावयास नको!

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. सह्याद्रीच्या पावसात लाकूड कुजेल. ओझ्यातही ते कुजते आणि साधारण दहा वर्षांनी बदलावे लागते. तो खर्च प्रवेशशुल्कातून व्हावा व काम भोवतालच्या गावांना मिळावे. कातळ फोडून खांब रोवू नयेत. वर ठेवलेल्या ठोकळ्यांवर फळ्या टाकाव्यात आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या सोडाव्यात. फळीखालची थोडी जागा अंधारात जाईल, हे खरे. पण ती चिंचोळी पट्टी आज वाढत चाललेल्या पायवाटांहून लहान असेल. फळीवाटेच्या नावाखाली सिमेंटचे रस्ते, मनोरे आणि उपाहारगृहे आली, तर मात्र आम्हीच पहिले विरोधक असू. फळीचा आणखी एक लाभ आमच्या घरातील ज्येष्ठांनी लक्षात घ्यावा. शेवाळलेल्या कातळाच्या भीतीने आमच्या एक वृद्ध काकू बसमध्येच बसून राहिल्या. फुले पाहण्याचा त्यांचाही हक्क आहे.

‘एवढ्या लांबून आलो’ या युक्तिवादाबद्दल एक शेवटचा शब्द. शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड साताऱ्याच्याच परिसरातले. त्यांच्याबरोबर आमचे पूर्वज इकडे आले. १८१०च्या सुमारास दौलतरावांची छावणी जेथे पडली, तेथे आमचे ‘लष्कर’ वसले आणि ते नाव आम्ही आजही अभिमानाने पत्त्यात लिहितो. त्या भूमीवर आमचा जिव्हाळा आहे, हक्क नाही. छावणीतल्या माणसांनी रयतेच्या दाण्यावैरणीस व भाजीपाल्यास हात लावू नये, अशी सक्त ताकीद शिवछत्रपतींनी चिपळूणकडील आपल्या अंमलदारांस पत्राने दिली होती. ते पत्र आमच्या सभांतून कितीदा तरी वाचले गेले आहे. पुढल्या सप्टेंबरात लष्करची मंडळी पुन्हा कासला जातील, तेव्हा त्याची आठवण ठेवावी. फळी असेल तर फळीवरून चालावे. नसेल तर दोरीच्या अलीकडे उभे राहावे, आणि रखवालदाराने शिट्टी फुंकण्याआधीच थांबावे.